धूसर पार्श्वभूमी (छायाचित्रण)

छायाचित्रातील मुख्य विषय सुस्पष्ट ठेवून त्याच्या मागील दृश्य हेतुतः अस्पष्ट करण्याच्या पद्धतीस धूसर पार्श्वभूमी असे म्हणतात. व्यक्तिचित्रे, फुले, पक्षी व प्राणी यांच्या छायाचित्रणात ही पद्धत विशेष प्रचलित आहे. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा घोडेबाजार किंवा काठी येथील होळी यांसारख्या गर्दीच्या प्रसंगी एकाच चेहऱ्याकडे लक्ष वेधण्यासाठी ती उपयुक्त ठरते. मात्र तिच्या अतिवापराने स्थळाची व प्रसंगाची ओळख चित्रातून नाहीशी होऊ शकते.

संज्ञा

धूसर भागाच्या दृश्य गुणवत्तेस 'बोके' असे म्हणतात. हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ धूसरपणा असा होतो. १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी नियतकालिकातील लेखांमुळे तो इंग्रजीत रूढ झाला. पार्श्वभूमी किती धूसर आहे यापेक्षा ती कशी धूसर दिसते, हे बोके या संज्ञेने सांगितले जाते. दूरचे दिवे चित्रात मऊ कडांच्या वर्तुळांसारखे दिसणे हे त्याचे परिचित उदाहरण होय.

तत्त्व

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील प्रतल पूर्णपणे फोकसमध्ये आणू शकते. त्या प्रतलाच्या पुढील व मागील बिंदू सेन्सरवर बिंदूंऐवजी लहान वर्तुळांच्या रूपाने उमटतात. ही वर्तुळे फारच लहान असतील तर डोळ्याला ती बिंदूच भासतात व तेवढा भाग सुस्पष्ट दिसतो. अशा सुस्पष्ट भागाच्या पुढून मागेपर्यंतच्या विस्तारास 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. पार्श्वभूमी या विस्ताराबाहेर जितकी दूर, तितकी ती अधिक धूसर होते.

परिणाम करणारे घटक

१. ॲपर्चर : भिंगातून प्रकाश आत सोडणारे छिद्र. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता एफ-क्रमांक मिळतो. ५० मिमी भिंगाचे छिद्र एफ/२ वर २५ मिमी, तर एफ/८ वर सुमारे ६ मिमी व्यासाचे असते. एफ-क्रमांक लहान असल्यास छिद्र मोठे व धूसरपणा अधिक असतो.

२. नाभीय अंतर : एकाच जागेवरून व समान एफ-क्रमांकावर अधिक नाभीय अंतराच्या भिंगाने पार्श्वभूमी अधिक धूसर होते.

३. कॅमेरा व विषय यांतील अंतर : कॅमेरा विषयाच्या जितका जवळ, तितका सुस्पष्ट भाग अरुंद होतो.

४. विषय व पार्श्वभूमी यांतील अंतर : भिंतीला टेकून उभ्या असलेल्या व्यक्तीमागील भिंत धूसर करणे अवघड असते. तीच व्यक्ती काही पावले पुढे आल्यास त्याच कॅमेऱ्याने फरक दिसतो.

नवशिक्यांसाठी वापर

महागडे भिंग नसतानाही हा परिणाम साधता येतो. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरसह मिळणाऱ्या १८–५५ मिमी भिंगाने दीड मीटरवरील विषय टिपल्यास १८ मिमी व एफ/३.५ वर सुमारे १ मीटर खोलीचा भाग सुस्पष्ट राहतो. ५५ मिमी व एफ/५.६ वर हाच भाग सुमारे १६ सेंमी इतका उरतो. म्हणजेच भिंग पूर्ण ५५ मिमीवर नेणे, विषयाच्या जवळ जाणे आणि मागे मोकळी जागा ठेवणे या तीन कृती नवशिक्यास पुरेशा ठरतात. कॅमेऱ्यावरील 'ए' किंवा 'एव्ही' मोडमध्ये एफ-क्रमांक छायाचित्रकार निवडतो व शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. व्यक्तिचित्रात फोकस कॅमेऱ्याकडील जवळच्या डोळ्यावर ठेवण्याचा प्रघात आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील उदाहरणे

सारंगखेडा : शहादा तालुक्यात तापी नदीकाठी वसलेल्या या गावी दत्तजयंतीस यात्रा व घोडेबाजार भरतो. घोड्याचे डोके अर्ध्या मीटरहून अधिक लांब असते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी भिंगाने २ मीटरवरून टिपताना एफ/१.८ वर सुमारे ११ सेंमी भागच सुस्पष्ट राहतो. त्यामुळे समोरून घेतलेल्या चित्रात डोळा स्पष्ट असला तरी नाकपुड्या धूसर होतात. एफ/८ वर हा भाग सुमारे ५० सेंमी होतो. घोडा बाजूने टिपल्यास संपूर्ण डोके जवळजवळ एकाच प्रतलात येते व मोठे छिद्रही वापरता येते.

मिरचीच्या पथारी : नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ असून खरेदी केलेली ओली लाल मिरची मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवली जाते. या जागांना पथारी म्हणतात. भर उन्हात आयएसओ १०० व एफ/१.८ ठेवल्यास शटरचा वेग सुमारे १/८००० सेकंद लागतो. अनेक प्राथमिक कॅमेऱ्यांची मर्यादा १/४००० सेकंद असल्याने चित्र पांढुरके पडते. एफ/२.८ वर सुमारे १/३२०० सेकंद पुरतो. सकाळचे कोवळे ऊन किंवा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर हेही पर्याय आहेत.

काठी : अक्कलकुवा तालुक्यातील या गावच्या होळीत रात्रभर नृत्य चालते व पहाटे होळी पेटते. अंधारात एफ/१.८ वर एफ/५.६ च्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश मिळतो. म्हणून येथे मोठे छिद्र धूसरपणापेक्षा प्रकाशासाठी आवश्यक ठरते.

मोबाइलमधील धूसर पार्श्वभूमी

मोबाइलचा सेन्सर व भिंग लहान असल्याने त्यात जवळजवळ सर्वच दृश्य सुस्पष्ट येते. 'पोर्ट्रेट' मोडमध्ये अंतराचा अंदाज घेऊन संगणकीय प्रक्रियेने पार्श्वभूमी धूसर केली जाते. २०१६ मधील आयफोन ७ प्लसने दोन भिंगांच्या, तर २०१७ मधील गूगल पिक्सेल २ ने एकाच मागील कॅमेऱ्याच्या साहाय्याने ही सुविधा दिली. केस, दागिन्यांच्या कडा किंवा काठीच्या नर्तकांचे मोरपिसांचे टोप अशा बारीक कडांवर ही प्रक्रिया चुकू शकते व टोपाचा काही भाग पार्श्वभूमीबरोबर पुसला जातो.

मर्यादा

पार्श्वभूमी ही माहितीही असते. काठीच्या नर्तकाचा केवळ चेहरा सुस्पष्ट ठेवल्यास कमरेचे भोपळे, होळीचा उंच बांबू व भोवतालचा समुदाय दिसेनासा होतो. उरते ते कोठेही घेतलेले वाटावे असे व्यक्तिचित्र. सण, वेशभूषा व व्यवसाय यांच्या नोंदीसाठी घेतलेल्या चित्रात त्यामुळे मूल्यवान तपशील गमावला जातो. भिंगाने पूर्णपणे धूसर केलेला तपशील नंतर परत मिळवता येत नाही. म्हणून अशा प्रसंगी व्यक्तीच्या संमतीने एक चित्र मोठ्या छिद्राने व दुसरे एफ/८ किंवा त्याहून लहान छिद्राने, परिसरासह घेणे उपयुक्त ठरते. पहिल्यात व्यक्ती ठळक होते, दुसऱ्यात ती कोठे व कोणासोबत होती हे कळते.

हे सुद्धा पहा

छायाचित्रण
भिंग
सारंगखेडा
नंदुरबार जिल्हा