भंडाऱ्याचं धान, बाबासाहेबांचा रुपया आणि आपला ईएमआय

दर दोन महिन्यांनी एक दिवस असा येतो की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये क्रिकेट बाजूला पडतं आणि सगळे अर्थतज्ज्ञ होतात. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं. प्रश्न एकच असतो : "रेपो वाढला का रे?" वाढला तर होमलोनवाले गप्प, कमी झाला तर चहा त्यांच्याकडून.

रेपो म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या दिवसांसाठी पैसे घ्यायचे असतील तर त्यावर पडणारा दर. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक तो वाढवते, कर्ज महाग होतं, लोक खर्च आवरतात आणि भाववाढ थंडावते. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पण या चार ओळींमागे एक भांडण आहे, आणि ते जुनं आहे. रुपयाची किंमत घसरली तर नुकसान कुणी सोसायचं? पैसे देणाऱ्याने की घेणाऱ्याने? गृहकर्जाचा इतिहास म्हणजे या भांडणाचाच इतिहास. तो सांगायला मी भंडाऱ्यापासून सुरुवात करतोय. कारण आहे.

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा तिथे दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्या हरलेल्या उमेदवाराचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

घटनेचे शिल्पकार हरले, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण भंडाऱ्याच्या मतदारांसमोर उभा असलेला हा माणूस चलनाच्या प्रश्नावर देशातल्या मोजक्या जाणकारांपैकी एक होता, हे सहसा कुणी सांगत नाही. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक १९२३ साली लंडनमध्ये निघालं. त्या काळी वाद असा होता की रुपयाचा पौंडाशी असलेला विनिमय दर सांभाळला की झालं का? केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात त्या व्यवस्थेची बाजू घेतली होती. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. पौंडाशी दर स्थिर राहिला तरी रुपयात बाजारात काय येतं ते स्थिर नसेल, तर सामान्य माणसाला त्याचा उपयोग काय? भाव चढतात तेव्हा मजुरी त्याच वेगाने चढत नाही, म्हणून घसरत्या रुपयाचा फायदा व्यापाऱ्याला आणि भुर्दंड मजुराला, हा त्यांचा मुद्दा होता. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. नोटा आणि नाणी किती काढायची हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला मर्यादा घाला.

१९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँक काढायची शिफारस केली आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. "रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून बनली" असा एक मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो. ते इतकं सरळ नाही. त्यांना चलन सांभाळणाऱ्याच्या हातात कमी मोकळीक हवी होती, आणि मध्यवर्ती बँक म्हणजे बरीच मोकळीक. पण भाव स्थिर राहिले पाहिजेत आणि चलनवाल्याला नियमाने बांधलं पाहिजे, हे दोन मुद्दे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

सुरुवातीची रिझर्व्ह बँक दराच्या बाबतीत फारच शांत होती. १९३५ च्या नोव्हेंबरपासून १९५१ च्या नोव्हेंबरपर्यंत बँक रेट ३ टक्के होता. मधे महायुद्ध झालं, भाव भडकले, चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले, फाळणी झाली, बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि दर तिथेच! होमलोनवाल्यांना हे वाचून हेवा वाटेल, पण तेव्हा होमलोन होतंच कुठे? घर बांधायचं तर प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने, नाहीतर सावकार.

मग आलं १९७२. महाराष्ट्रात दुष्काळ पडला, पुढच्या वर्षी तेलाचे भाव भडकले, आणि घाऊक महागाई २० टक्क्यांच्या वर गेली. जुलै १९७४ मध्ये बँक रेट ७ वरून ९ टक्के केला. आता हिशेब बघा. महागाई २० आणि व्याज ९, म्हणजे ज्याने पैसे साठवले तो दरवर्षी ११ टक्के गरीब होतोय, आणि ज्याने ठरलेल्या दराने कर्ज घेतलंय त्याचं कर्ज आपोआप वितळतंय. अशा देशात २० वर्षांसाठी एकाच दराने घरासाठी पैसे कोण देणार? लांब मुदतीचं गृहकर्ज इथे उशिरा आलं त्याला हेही एक कारण.

हसमुखभाई पारेखांनी १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू केली तेव्हा परिस्थिती ही होती. १९९१ च्या संकटात बँक रेट १२ टक्क्यांवर गेला. नव्वदीच्या मध्यात गृहकर्ज १५-१६ टक्क्यांच्या घरात होतं. नंतर महागाई उतरली तसे दरही उतरले आणि २००३-०४ च्या सुमाराला ८ टक्क्यांच्या आसपास आले. आपल्या आधीच्या बॅचच्या लोकांनी कोथरूड आणि ठाण्यात फ्लॅट घेतले ते याच काळात.

पण याच काळात एक बदल गुपचूप झाला. ठरलेला दर मागे पडला आणि 'फ्लोटिंग' आला. जाहिरातीत तो ग्राहकाच्या सोयीचा दिसायचा. खरं म्हणजे २० वर्षांतल्या महागाईची जोखीम देणाऱ्याच्या खांद्यावरून घेणाऱ्याच्या खांद्यावर गेली. अमेरिकेत असलेल्या मित्राला विचारा, त्याचा दर ३० वर्षं हलत नाही. तिथेही हा धडा फुकट मिळाला नाही. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथलं गृहकर्ज १८ टक्क्यांच्या वर गेलं होतं, आणि जुनी स्वस्त कर्जं देऊन बसलेल्या शेकडो बचत संस्था पुढच्या काही वर्षांत बुडाल्या. जोखीम नाहीशी होत नाही, ती कुणाकडे तरी राहतेच.

बरं, जोखीम घेतली तर निदान फायदा तरी मिळावा? तो पण पूर्ण मिळेना. रेपो ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ मध्ये ९ वरून ४.७५ वर आला, पण जुन्या कर्जदारांचे दर रडत-रखडत उतरले. मार्च २०१० पासून सलग तेरा वेळा वाढून तो ८.५ झाला, तेव्हा मात्र हप्ते झटपट वाढले. नव्या ग्राहकाला स्वस्त, जुन्याला महाग. रिझर्व्ह बँकेने सूत्रं बदलून पाहिली : २०१० ला बेस रेट, २०१६ ला एमसीएलआर. दोन्हींत आकडा शेवटी बँकच काढणार. २०१७ साली डॉ. जनक राज यांच्या अभ्यासगटाने सांगितलं की बँका हा हिशेब मनमानी करतात, तेव्हा दर बाहेरच्या मापाला जोडा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग गृहकर्जांना ते लागू झालं. ती तार खरी जोडली गेली ती तेव्हा.

आणि तिचा पहिला मोठा झटका २०२२ ला बसला. रेपो मे मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला ६.५. २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ६.७ टक्के असं धरा. हप्ता येतो सुमारे १८,९३५ रु. आता सुरुवातीलाच दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२ झाला, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच होतं १९,१६७ रु. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल वाढत जातं, कर्ज कधीच फिटत नाही. आपल्या भाषेत इन्फिनिट लूप :) २० वर्षांतच फेडायचं तर हप्ता जातो सुमारे २२,८१६ वर. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा, आणि हप्ता व्याजापेक्षा कमी पडू देऊ नका.

आता परत भंडाऱ्याला येऊ. तलावांचा आणि धानाचा हा जिल्हा, तुमसरची तांदळाची बाजारपेठ प्रसिद्ध. २०१६ च्या कायदा-दुरुस्तीनुसार सरकारने रिझर्व्ह बँकेला महागाईचं लक्ष्य आखून दिलं : ४ टक्के, दोन टक्के इकडे-तिकडे. सलग तीन तिमाही ते चुकलं तर सरकारला पत्र लिहून कारणं द्यायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा पत्रासाठी खास बैठकही झाली. चलनवाल्याला नियमाने बांधा, हा बाबासाहेबांचा मुद्दा नव्वदेक वर्षांनी वेगळ्या रूपात आला असं मला वाटतं. पण ही महागाई मोजायची टोपली पाहा. २०१२ च्या मालिकेत तिच्यात जवळजवळ ४६ टक्के वजन खाण्यापिण्याचं होतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकला आणि महागाई ७.४४ झाली. त्याच महिन्यात सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. रेपो फेब्रुवारी २०२५ पर्यंत ६.५ वरच राहिला. मग अन्नधान्याची महागाई उतरली आणि डिसेंबर २०२५ पर्यंत तो ५.२५ वर आला.

म्हणजे मोहाडी-लाखांदूरकडे बाप धान विकतो, त्याला चांगला भाव हवा. पोरगा हिंजवडीत ईएमआय भरतो, त्याला तांदूळ स्वस्त हवा. एकाच घरात दोन्ही टोकं. रिझर्व्ह बँक पाऊस पाडू शकत नाही, टोमॅटो पिकवू शकत नाही. ती फक्त पोराचा हप्ता हलवू शकते. भाव आवरण्यासाठी बापाची निर्यात थांबते आणि पोराचा हप्ता वर राहतो, दोघेही तेच बिल भरतात.

मग लक्ष्यच नको का? मला तसं वाटत नाही. १९७४ चा हिशेब आठवा, महागाई मोकाट सुटली की आधी मरतो तो मजूर आणि बचत करणारा. पण २० वर्षांच्या कर्जाची सगळी जोखीम एकट्या पगारदारावर टाकायची, यावर बोलायला हवं.

तोवर एक काम करा. कर्जाचं मंजुरीपत्र काढा आणि दर कशाला जोडलाय ते बघा. २०१९ चा नियम व्यावसायिक बँकांसाठी होता, हाउसिंग फायनान्स कंपन्या आणि सहकारी बँका त्यात नव्हत्या. गडेगावच्या कारखान्यातल्या किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या कामगाराने कर्ज कुठून घेतलं, यावर रेपोची कपात त्याच्यापर्यंत पोचते की नाही हे ठरतं. तुमचं कर्ज अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवर असेल तर बँकेला लेखी विचारा की रेपोवर बदलून देता का आणि त्याचे किती घेता. दुसरीकडे न्यायचं असेल तर फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.