शिवेवरचा माग आणि गाडीचा रिमोट

बीडच्या दक्षिणेस मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत कपिलधार आहे. ‘परमरहस्य’कार संतकवी मन्मथस्वामींची समाधी, शेजारी कोसळणारा धबधबा आणि भोवती डोंगरांचे कडे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात, त्यांच्याबरोबर गाड्याही येतात. गाडी वर कोठेतरी उभी राहते आणि माणूस खाली दरीत उतरतो. उभ्या गाडीला कोणी हात लावला, तर त्याला ते कसे कळावे?

गाडीचा साधा अलार्म अशा ठिकाणी कुचकामी ठरतो. सायरन वाजतो, पण धबधब्याच्या आणि गर्दीच्या आवाजात तो विरून जातो. ऐकणारा ऐकतो तेही परक्याची गाडी म्हणून. ही उणीव भरून काढण्यासाठी दुतर्फी रिमोट आला. साध्या रिमोटचे बटण दाबले की हुकूम सुटतो आणि तो गाडीपर्यंत पोचला की नाही, हे पाहायला माणसाला गाडीकडेच वळावे लागते. दुतर्फी रिमोटमध्ये गाडीतही प्रक्षेपक असतो. कुलूप लागले की गाडी उलट निरोप धाडते, मग हातातला रिमोट टिकटिकतो आणि त्याच्या छोट्या पडद्यावर कुलपाचे चिन्ह उमटते. काचेवर धक्का बसला किंवा दार उघडले, तरी तो खिशात थरथरतो.

हुकुमाला पोच मागण्याची ही कल्पना मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची आहे, आणि दख्खनच्या खेड्यांना ती चांगलीच परिचित होती.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या पहाऱ्याचे वर्णन आहे. रात्री गस्त घालणे, आल्यागेल्यावर नजर ठेवणे, प्रत्येक गावकऱ्याची चालचलणूक ठाऊक असणे, ही सारी जागल्याची कामे. कोठे तो महार असे, तर कोठे भिल्ल किंवा रामोशी. पण त्याची खरी परीक्षा चोरी झाल्यावर होई. पावलांच्या ठशांवरून त्याने चोराचा माग काढायचा आणि तो शिवेपर्यंत न्यायचा. माग पुढच्या गावाच्या हद्दीत शिरला, तर तेथील जागल्याला बोलावून, ठसे दाखवून, शोध त्याच्या हवाली करायचा. दुसऱ्याने माग पत्करला की पहिला मोकळा. ज्या गावात माग हरवेल, त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई द्यायची.

या रीतीची खुबी शिवेवरच्या त्या क्षणात आहे. नुसती आरोळी ठोकून भागत नसे. समोरच्याने ठसे पाहून ‘माग घेतला’ असे मान्य केल्याखेरीज जबाबदारी सरकत नसे. ज्याला आज अभियंते पोच म्हणतात, ती येथे पैशाच्या भाराने बांधलेली होती. म्हणूनच रीत टिकली. चोर कोणत्या दिशेला गेला हे ठरवण्यात प्रत्येक गावाचा स्वार्थ गुंतलेला होता. तंटे तर ठरलेलेच.

तिचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. भरपाईचा बोजा गावावर असला, तरी संशयाचा पहिला आळ बहुधा जागल्यावरच येई. मोबदला काय, तर बलुते आणि इनामाचा तुकडा. इंग्रजी अंमलात किल्ल्यांचे पहारे मोडले, तेव्हा पुरंदरच्या परिसरातील रामोशांचा रोजगार गेला. उमाजी नाईकांचे बंड याच असंतोषातून पेटले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि तो पुढे इतर प्रांतांतही पसरला. पिढ्यान्पिढ्या पहारा देणाऱ्या समाजांपैकी काहींना आता स्वतःच पोलिसांपुढे हजेरी लावावी लागली. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. राखणदाराला चोर ठरवणारी व्यवस्था ऐंशी वर्षे चालली, ही गोष्ट चोरीच्या कोणत्याही इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी.

दूरवर पोचणाऱ्या पोचेचे मराठी मनाला सर्वांत परिचित असलेले उदाहरण १३ जुलै १६६० चे आहे. पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे धावत होते आणि घोडखिंडीत बाजीप्रभू पाठलाग रोखून उभे होते. महाराज गडावर पोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार व्हायचे, अशी परंपरा आहे. कथेचा थरार त्या बारांत असला, तरी त्याआधीची शांतता अधिक भयंकर आहे. तोफ वाजत नाही, याचे अर्थ अनेक: महाराज अजून वाटेत आहेत, वेढ्यात अडकले आहेत, किंवा तोफ डागलीही गेली असेल पण पावसात आवाज पोचला नसेल. खिंडीतल्या माणसाला यांतले काहीच ताडून पाहता येत नव्हते. त्याच्या हाती फक्त लढत राहणे होते.

बिनतारी युगातही प्रश्न तोच राहिला. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने दुरून चालणारी छोटी नौका लोकांपुढे ठेवली. दोन्ही प्रयोगांत प्रेक्षक समोर उभे होते, त्यामुळे हुकूम पोचला का, हे डोळ्यांनीच दिसत होते. मोटारीला दुरून कुलूप लावण्याची सोय १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ फ्युएगोत आली. तीही अवरक्त किरणांवर चालणारी, म्हणजे जवळूनच वापरायची.

किल्ली हवेतून जाऊ लागली, तेव्हा चोरही हवेत कान लावून बसला. प्रत्येक वेळी एकच संकेत जात असेल, तर तो टिपून पुन्हा वाजवणे सोपे होते. यावर १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नॅनोटेक कंपनीत ‘कीलॉक’ ही पद्धत घडली. रिमोट दर दाबण्यागणिक मोजणीचा आकडा वाढवतो, तो गुप्त किल्लीने गुंफून पाठवतो आणि जुना आकडा गाडी नाकारते. कालच्या ठशांवर आजचा माग चालत नाही, असे म्हणावे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने हे तंत्र विकत घेतले आणि ते जगभरच्या रिमोटांत शिरले. पुढे २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिपच्या वीजवापरातील सूक्ष्म चढउतार मोजून तिची गुप्त किल्ली बाहेर काढली. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने वेगळी युक्ती दाखवली: मालकाचा संकेत गाडीपर्यंत पोचूच द्यायचा नाही, तो अडवून जपून ठेवायचा आणि सवडीने वापरायचा. न वापरलेला आकडा गाडीच्या लेखी ताजाच असतो.

येथे दुतर्फी रिमोटची उपयुक्तता नेमकी कळते. संकेत मध्येच अडवला गेला, तर पोच येत नाही आणि मालकाला शंका घेण्यास जागा मिळते. मात्र ही शंका घ्यायची सवय त्याला असावी लागते. बटण दाबून पाठ फिरवणाऱ्याच्या हाती दुतर्फी रिमोटही एकतर्फीच राहतो. वेष्टनावर छापलेला पल्लाही मोकळ्या मैदानाचा असतो. कपिलधारसारख्या दरीत मधल्या कड्यामुळे तो झपाट्याने आटतो आणि रिमोट गप्प होतो. गप्प रिमोट म्हणजे गाडी सुखरूप, असा अर्थ काढणे धोक्याचे. काही रिमोट ठरावीक काळाने गाडीशी बोलून पाहतात आणि उत्तर आले नाही तर संपर्क तुटल्याचे चिन्ह दाखवतात. पडद्यावरच्या सगळ्या चिन्हांत हेच सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. कडा चढून वर आल्यावर बटण पुन्हा दाबून पोच घ्यावी, तोवर गाडीची खात्री धरू नये.

सायरनचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. उठसूट वाजणाऱ्या अलार्मांना न्यूयॉर्क शहर इतके विटले, की तीन मिनिटांत आवाज आपोआप थांबलाच पाहिजे असा नियम तेथे करावा लागला. भारतात ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. म्हणून सायरन बंद ठेवून फक्त खिशातल्या रिमोटला कळवण्याची सोय दुतर्फी यंत्रांत असते. शेजाऱ्यांना ती आवडते. चोराला पळवून लावायला मात्र ती निरुपयोगी.

अलीकडच्या गाड्यांत तर बटणही दाबावे लागत नाही. किल्ली जवळ असली की दार उघडते. त्यावरचा दरोडा साधा आहे. एक चोर घराच्या भिंतीशी, दुसरा गाडीशी. दोघांच्या हातांतील यंत्रे गाडीची हाक घरातल्या किल्लीपर्यंत आणि किल्लीचे उत्तर गाडीपर्यंत नेतात. आकडे खरे, गुप्त किल्ली खरी, पोचही खरी. खोटे असते ते फक्त अंतर. म्हणून नव्या काही गाड्या आता उत्तर काय आले याबरोबरच ते यायला किती वेळ लागला, हेही मोजतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते, आणि मधल्या चोरामुळे पडलेला उशीर तेवढ्यावरून पकडता येतो.