सांडलेला दाणा: चाकूर भागातील गावठी कोंबडीचे वर्ष

लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातली गावठी कोंबडी पिढ्यान् पिढ्या सांडलेल्या दाण्यावर जगत आली. तिच्यासाठी वेगळे खाद्य शिजत नसे की विकत आणले जात नसे. घर, गोठा, उकिरडा आणि खळे एवढेच तिचे चरायचे रान. भूक किती लागावी हे तिच्या शरीराने ठरवले. चोचीत काय पडावे हे मात्र शेतातल्या पिकाने. म्हणून या भागात पीक बदलले, तसे कोंबडीचे वर्षही बदलले.

कोंबडी आणि धान्य यांचे नाते फार जुने आहे. पाळीव कोंबडीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने निश्चित अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट येथील असून ते इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातले मानले जातात. भात व भरड धान्यांची कोरडवाहू शेती सुरू झाल्यावर दाण्याच्या ओढीने रानकोंबडी माणसाच्या वस्तीजवळ आली, असे संशोधकांचे मत आहे.

ऋतूप्रमाणे तिची भूक कमी-जास्त होते, त्याचे पहिले कारण उष्णता. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळात ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. अन्न पचवतानाही शरीरात उष्णता तयार होते. म्हणून वैशाखात पारा चाळिशीपार गेला की ती खाणे कमी करते, पाणी दुपटीने पिते आणि चोच उघडी ठेवून धापा टाकते. चरणे सकाळी व दिवस मावळताना उरकते. दुपार बैलगाडीखाली किंवा कडब्याच्या गंजीच्या सावलीत जाते. थंडीत शरीर उबदार ठेवायला जास्त दाणा लागतो. पिसे झडून नवी येताना तिला प्रथिने हवी असतात, कारण पीस मुख्यतः प्रथिनाचेच बनलेले असते. खुडुक कोंबडी मात्र एकवीस दिवस अंड्यांवर बसून असते आणि दिवसातून एखाद्या वेळी खाण्यापिण्यासाठी उठते. दिवसाची लांबी अंडी घालण्यावर परिणाम करते; पण चाकूरच्या अक्षांशावर डिसेंबरातला लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला मोठा दिवस १३ तासांहून थोडाच जास्त असतो. त्यामुळे इथे उजेडापेक्षा ऊन आणि दाणा यांचाच जोर अधिक.

इथले मुख्य पीक ज्वारी होते, त्या काळातले कोंबडीचे वर्ष मृगापासून मोजता येते. पहिला पाऊस पडला की वाळवीची पाखरे, गांडुळे, किडे यांची चंगळ असे. त्याच दिवसांत पेरणी चाले आणि पेरलेले बी कोंबड्या उकरत, म्हणून त्यांना डालग्याखाली कोंडावे लागे. घरातली ज्वारी तोवर तळाला गेलेली असे. आषाढात आखाडीच्या निमित्ताने कोंबड्या कापल्या जात आणि टंचाईच्या तोंडावर खाणारी तोंडे आपोआप कमी होत. श्रावणात मांसाहार थांबे. उरलेल्या तलंगांना वाढायला अवधी मिळे.

दिवाळीनंतर खरिपाची देशी ज्वारी काढणीला येई आणि सुगीचे दिवस सुरू होत. तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, कणसे तुडवली जात, वाऱ्यावर धान्य उपणले जाई. रास उचलल्यावर खाली उरे ते मातेरे. बायका ते सुपात घोळून चांगला दाणा वेगळा काढत. मातीत राहिलेला दाणा कोंबड्यांचा. बैलांच्या शेणातून न पचता पडलेली ज्वारीही त्या पायाने विस्कटून वेचत. फाल्गुनाच्या सुमारास रब्बीच्या शाळूची खळी होत, तेव्हा हाच भर पुन्हा येई. गळ्यातली पिशवी टम्म भरून कोंबडी खुराड्यात शिरे. तिथून पुढे पेट्यातले, म्हणजे स्नायूंच्या जठरातले खडे रात्रभर दाणा दळत. पोट भरलेले आणि ऊन बेताचे, म्हणून अंड्यांचा व पिले काढण्याचा हंगामही हाच. उन्हाळ्यात ज्वारीचे पेव उघडले की भिंतीलगतचा खराब दाणा जनावरांकडे व कोंबड्यांकडे जाई.

या चक्राला पहिला धक्का संकरित ज्वारीने दिला. सीएसएच-१ हे ज्वारीचे देशातले पहिले संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. ते सुमारे शंभर दिवसांत तयार होई, त्यामुळे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडे. काढणी अलीकडे आली आणि महिनाभर चालणारे खळे आकसले. पुढे मळणीयंत्राने बैलांची पात संपवली आणि मातेरेही घटले.

दुसरा बदल अधिक खोल होता. १९९० नंतर लातूर जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सांडलेले सोयाबीन कोंबडीला ज्वारीसारखे उपयोगी पडत नाही. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखणारे घटक असतात. ते खाऊन प्रथिने नीट पचत नाहीत आणि पिलांची वाढ खुंटते. उष्णता दिल्यावर हा दोष जातो, म्हणून तेल काढून उरलेली पेंड कुक्कुटखाद्यातला प्रथिनांचा मुख्य स्रोत ठरली आहे. लातूरच्या अडतीत विकले गेलेले सोयाबीन पेंड होऊन शेडमधल्या ब्रॉयलरपुढे पडते. ज्या अंगणाशेजारी ते पिकले, तिथल्या कोंबडीला त्याचा दाणा टिपून लाभ नाही.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती नंतर खेड्यांत पोचल्या. अंगाने भारी असलेल्या वनराजाची भूक नुसत्या वेचण्यावर भागत नाही. तिला भरडा घालावा लागतो. आज परसातली कोंबडी पावसाळ्यात किड्यांवर जगते, रब्बीची ज्वारी असेल तिथे माघ-फाल्गुनात दाणा टिपते आणि इतर वेळी रेशनचा तांदूळ, गव्हाची चाळण किंवा विकतचे खाद्य खाते. उन्हाळ्यात भूक मंदावणे आणि थंडीत वाढणे पूर्वीसारखेच आहे. पण थंडीतल्या त्या भुकेला खळ्यावरचा दाणा आता क्वचितच मिळतो.