फसवणुकीची कबुली

शीव कोळीवाड्यांत आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. दामदुप्पट देऊं करणाऱ्या एका योजनेंत त्यांची पुंजी बुडाली. अजून ते म्हणतात, "वेळ वाईट आली हो, मालक मनुष्य भला होता." हे शब्द ऐकले म्हणजे मला १८६५ सालची मुंबई आठवते.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला व हिंदी कापसाचे भाव कडाडले. मुंबईंत सुमारें सात कोटी पौंड जादा आले असा अंदाज आहे. ह्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरांत गेला. 'बँक ऑफ बॉम्बे'नें शेअरांच्याच तारणावर कर्जें दिलीं. एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण आला, कापूस कोसळला. आणि १ जुलैस वायदे चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हां मोठमोठ्या पेढ्यांचें दिवाळें वाजलें. खुद्द ती बँकहि १८६८ त मोडीत काढावी लागली.

ह्या प्रकरणास 'शेअरांचें वेड' असें नांव पडलें. नांव मोठें सोयीचें आहे! वेड लागतें, तें कोणी लावीत नाहीं, आणि वेड्यास कोणी जाब विचारीत नाहीं. जो समुद्र अद्याप हटलाच नव्हता, त्यावरील जमिनीसाठीं दसपट दाम मोजणाऱ्यास दुसऱ्यांनीं किती फसविलें व त्यानें स्वतःस किती फसविलें, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दाखालीं झांकले गेले.

असें कां व्हावें? पैसा पुन्हां मिळवितां येतो. आपल्या शहाणपणावरील विश्वास सहसा मिळत नाहीं. शिवाय मनुष्य एकटा क्वचितच फसतो. त्यानें मेव्हण्यासहि भरीस घातलेलें असतें. मग 'मी फसलों' म्हणणें म्हणजे 'मीं फसविलें' म्हणणें होय. आमच्या शेजाऱ्यांनीं बहिणीचेहि पैसे त्याच योजनेंत घातले होते. मालकास भला म्हणणें त्यांना भागच आहे.

त्यांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं. त्यांच्या शब्दावर मींहि कांहीं रक्कम घातली, आणि घरीं मात्र 'मित्रास उसनी दिली' असें सांगितलें. परंतु ह्या मौनाची किंमत पुढचा फसणारा देतो. हा अंक घरीं येईल तेव्हां माझें खोटें उघडें पडेल. तें पडलेलेंच बरें.