लॉस अँजेल्स नदी व स्थलशिल्प

अ. सं. सं.मधील कॅलिफोर्निया राज्यातील, पूरनियंत्रणासाठी बहुतांशी काँक्रीटने बांधून काढलेली नागरी नदी. लांबी सु. ८२ किमी. सॅन फर्नांडो खोऱ्याच्या पश्चिम भागात दोन ओढ्यांच्या संगमापासून ती सुरू होते व लाँग बीच येथे पॅसिफिक महासागरास मिळते. एरवी तिचा प्रवाह क्षीण असतो. तथापि हिवाळ्यातील जोरदार पावसात सॅन गेब्रिएल पर्वताच्या तीव्र उतारांवरून येणाऱ्या पाण्यामुळे तिला काही तासांत पूर येतो. जमीन, पाणी व वनस्पती यांची मानवी उपयोगासाठी हेतुपूर्वक रचना करणे, हे स्थलशिल्पाचे कार्य होय. पुरापासून संरक्षण आणि सर्व थरांतील लोकांसाठी मोकळी जागा ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र कशी साधावीत, या प्रश्नाच्या दृष्टीने या नदीचा इतिहास उद्‌बोधक आहे.

नदीकाठी प्रथम टाँग्वा या मूळ रहिवाशांच्या वस्त्या होत्या. १७८१ मध्ये स्पॅनिश अंमलाखाली तेथे लॉस अँजेल्सची स्थापना झाली. शहरास पिण्याचे व शेतीचे पाणी नदीच्या कालव्यांतून मिळे. १९१३ मध्ये दूरच्या ओवेन्स खोऱ्यातून पाणी आणल्यावर नदीचे हे महत्त्व घटले. दरम्यान लोहमार्ग, कारखाने व घरे यांनी पूरमैदान व्यापण्यास प्रारंभ केला होता. १९१४ च्या पुरात मोठी हानी झाल्याने पुढील वर्षी पूरनियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली.

१९३० मध्ये ओल्मस्टेड ब्रदर्स व हार्लंड बार्थोलोम्यू यांच्या संस्थांनी एका नागरी समितीसाठी या प्रदेशातील उद्यानांचा आराखडा सादर केला. पूरप्रवण जमिनी वेळीच सार्वजनिक मालकीत घ्याव्यात, म्हणजे पुराच्या वेळी पाण्यास पसरण्यास वाव राहील व एरवी त्याच जमिनी उद्याने म्हणून उपयोगी पडतील, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र होते. परंतु खर्च आणि प्रस्तावित उद्यानमंडळाचे विस्तृत अधिकार यांविषयीच्या आक्षेपांमुळे आराखडा बाजूस पडला. १९३८ च्या पुरात शंभरावर लोक मृत्यू पावले. त्यानंतर अमेरिकी भूसेनेच्या अभियांत्रिकी दलाने नदीचे पात्र सरळ करून काँक्रीटने बांधले. हे काम सु. १९६० पर्यंत चालले. त्यामुळे पुराचा धोका पुष्कळ कमी झाला. मात्र जमिनीत पाणी मुरणे घटले, काठची वनराजी नष्ट झाली आणि कुंपणांमुळे लोकांचा नदीशी संबंध तुटला. ग्लेंडेल नॅरोज या टप्प्यात भूजल पृष्ठाजवळ असल्याने तळ काँक्रीटचा करता आला नाही; तेथे वाळुंज वृक्ष व पाणपक्षी टिकून राहिले.

या बदलाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. साउथ गेट, मेवुड, कडाही इ. खालच्या टप्प्यातील दाट व प्रामुख्याने लॅटिन अमेरिकी वंशाच्या श्रमिकांच्या वस्त्यांत उद्याने फारच अपुरी आहेत. १९८६ मध्ये कवी लुइस मॅक्अॅडम्स यांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेल्या संघटनेने नदीच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू केली. चायनाटाउनलगतच्या सु. १३ हेक्टर जुन्या रेल्वे आवारात गोदामे उभारण्याच्या योजनेस स्थानिक संघटनांनी विरोध केला. २००१ मध्ये राज्याने ती जमीन घेतली व २०१७ मध्ये तेथे उद्यान पूर्णपणे खुले झाले. २००७ मध्ये शहराने पुनरुज्जीवनाचा बृहत्‌ आराखडा स्वीकारला. २०१० मध्ये संघीय पर्यावरण संस्थेने नदी नौकानयनयोग्य ठरविल्याने जलशुद्धतेच्या कायद्याचे संरक्षण दृढ झाले.

तथापि काठ सुधारले, की जमिनीच्या किंमती व भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी उद्यान हवे होते, तेच रहिवासी विस्थापित होण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून २०२२ च्या काउंटीच्या आराखड्यात परवडणाऱ्या घरांचाही विचार केलेला आहे. वास्तुशिल्पज्ञ फ्रँक गेरी यांच्या संस्थेने त्यात सुचविलेल्या, पात्रावर उभारावयाच्या उद्यानमंचांवर मात्र पर्यावरणवाद्यांनी टीका केली. काँक्रीट झाकण्याऐवजी ते शक्य तेथे काढावे, असे त्यांचे मत होते. १९३० मध्ये बऱ्याच ठिकाणी मोकळी असलेली जमीन आता वस्तीखाली गेल्याने पात्र रुंद करणे अत्यंत खर्चिक झाले आहे. नदीला जागा देण्याचा निर्णय लांबला, तर त्याचे मोल मुख्यतः काठच्या गरीब वस्त्यांना द्यावे लागते, हे या इतिहासावरून दिसून येते.