वेळापत्रकातला शरद

मराठी शाळेतील दुसऱ्या इयत्तेचा इतिहास लिहावयाचा म्हटले, तर शाळाखात्याच्या दप्तरात तिच्या नावाचा निराळा रुमाल सापडावयाचा नाही. कारण बिगरीत मूल घरापासून दूर बसावयास शिकते, पहिलीत त्याची अक्षरांशी ओळख होते, चौथीला परीक्षेचा धाक असतो, आणि दुसरी मात्र या सर्वांच्या मध्ये कोणाच्या लेखी विशेष महत्त्वाची न ठरता मुकाट्याने उभी असते. तथापि सात-आठ वर्षांच्या मुलास वाराचे भान याच वयात येते, आणि पाऊस सरून भात पिवळे पडू लागले की दसरा किती दिवसांवर आला हे बोटांवर मोजण्याची हौसही त्याला याच वयात लागते. वार हा सरकारी शाळेने रूढ केलेला काळ आणि तिथी हा पंचांगाने चालविलेला काळ. या दोन कालगणनांचे एकमेकींशी कधी भांडण, कधी गुण्यागोविंदाने नांदणे हाच शरदऋतूतील मराठी शाळेचा खरा इतिहास होय, असे मला वाटते.

पंतोजींच्या शाळेत आठवड्याला फारसा अर्थ नव्हता. देवळाच्या ओवरीत, वाड्याच्या ओसरीवर किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत भरणारी ती शाळा तिथीने चाले. वेदपाठशाळेतील अनध्यायांची, म्हणजे अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा या दिवशी अध्ययन वर्ज्य मानण्याची, परंपरा इतकी जुनी की, अशोकवनातील कृश झालेल्या सीतेला वाल्मीकींनी प्रतिपदेस अभ्यास करणाऱ्याच्या क्षीण विद्येची उपमा दिली आहे. आणि पंतोजी स्वतः वेदपाठी नसला, तरी सुटीच्या बाबतीत शास्त्राचा आधार घेण्यास त्याची किंवा त्याच्या शिष्यांची हरकत असण्याचे कारण नव्हते. फळीवर धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरून तीवर मुळाक्षरे गिरवावयाची, हात वळला की बोरूने कित्ता काढावयाचा, आणि सायंकाळी सर्वांनी एका सुरात परवचा म्हणावयाचा, हा त्या शाळेचा नित्यक्रम. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत असल्यावाचून पोर व्यवहारास लायक समजले जात नसे. आणि शेर-पायली, रुपया-आणा यांच्या त्या जगात ही अपेक्षा मुळीच अवास्तव नव्हती. त्या शाळेत इयत्ता नव्हत्या. ज्याचे धुळाक्षर संपले तो पुढे सरके, ज्याचे संपले नाही तो तेथेच राही, आणि दोघेही एकाच पडवीत बसत.

एल्फिन्स्टनने डिसेंबर १८२३ मध्ये शिक्षणविषयक आपले टिपण लिहिले, त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई इलाख्यातील देशी शाळांची जी मोजदाद झाली, तीत सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० हून अधिक विद्यार्थी आढळले. पंतोजींचे हे जग आकाराने लहान नव्हते. परंतु शाळापुस्तक मंडळीने छापील पुस्तके काढली, कॅप्टन जर्व्हिस याने गणिताची पुस्तके मराठीत आणली, १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये स्वतंत्र शाळाखाते निघाले, आणि मेजर कँडीच्या देखरेखीखाली पंडितांनी रचलेली क्रमिक पुस्तके मुलांच्या हाती पडली. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक असा पुस्तकांचा क्रम ठरला. आणि पुस्तक दुसरे म्हणून मूल दुसऱ्या इयत्तेतले, इतका हा हिशेब सुटसुटीत होता.

याच मार्गाने वेळापत्रक आले आणि त्याच्यामागून आठवडा आला. रविवारची सुटी सरकारी कचेरीबरोबर सरकारी शाळेलाही लागू झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, तेव्हा खेड्यातील सरकारी शाळेत बसणारे पोर ती कित्येक वर्षे उपभोगीत होते, ही गोष्ट बापलेकांच्या संबंधाने विचार करण्यासारखी आहे. उर्दू शाळांनी पुष्कळ ठिकाणी शुक्रवार राखला. शनिवारी सकाळची शाळा हा प्रघात मात्र मराठी मुलखात असा काही रुजला की, तो शाळाखात्याने निर्माण केला की मारुतीने, असा प्रश्न पडावा: आदल्या दिवशी मुलांनी शेण गोळा करून आणावे, जमीन सारवून घ्यावी, पाट्या कोळशाने घासून काळ्याभोर कराव्यात, शनिवारी सकाळी कवायत आणि कविता व्हाव्यात, आणि उन्हे वर येण्याच्या आत शाळा सुटावी. दुसरीच्या मुलाला सोमवार कोणता हे शुद्धलेखनावरून कळे आणि शनिवार कोणता हे सारवणाच्या वासावरून कळे. बाकीच्या दिवसांचा क्रमही ठरलेला असे. वाचन, पाठांतर, बालबोध कित्ता, वीस-तीसपर्यंतचे पाढे, बेरीज-वजाबाकी आणि तोंडचे हिशेब यांतच दुसरीचा सगळा प्रपंच आटोपे.

या व्यवस्थेला पहिला धक्का बसे तो आश्विनात. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांनी अडविलेल्या वाटा मोकळ्या झाल्या म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांची फिरती सुरू होई, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोकणात भातकापणी व देशावर बाजरीची राखण निघे. इकडे मास्तरांना हजेरीपट भरलेला हवा, तिकडे बापाला गुरांमागे किंवा पाखरांमागे पोर हवे. १८६० च्या दशकात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाऊ लागला, तेव्हा ज्या शेतकऱ्याच्या आण्यावर शाळा चालली होती त्याच्याच घरचे पोर सुगीत गैरहजर म्हणून शेरेबुकात नोंदले जावे, यात काही विपरीत आहे असे फारच थोड्या अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले. पीक आणि हजेरी यांची सांगड घालावी, सुगीची सुटी द्यावी, अशी सूचना वेळोवेळी झाली; परंतु वेळापत्रक हे इलाख्यासाठी एक असते आणि पीक तालुक्यागणिक निराळे, एवढ्या अडचणीवर ती बहुधा अडून राहिली.

वेळापत्रकाने पंचांगापुढे निमूटपणे मान तुकविली ती सरस्वतीपूजनाच्या दिवशी. मूळ नक्षत्रावर आवाहन, पूर्वाषाढेवर पूजन आणि श्रवणावर विसर्जन असा सरस्वतीचा क्रम शास्त्राने सांगितलेला. शाळेत मात्र तो सारा दसऱ्याच्या सुमारास एका पाटीवर येऊन विसावे. ही पाटीवरची सरस्वती म्हणजे मराठी शाळेने निर्माण केलेली एक अजब वस्तू आहे. तिला मुख नाही, वीणा नाही, मोर नाही. एकाचा अंक ठरावीक रीतीने पुनःपुन्हा मांडीत गेले म्हणजे जी एक कोनाकोनांची आकृती उमटते तीच देवी, आणि तिच्यावर हळदकुंकू, झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहिली की पूजा झाली. चित्रकलेच्या तासाला हातात खडूही न मिळणाऱ्या मुलाने स्वतःच्या हाताने देवता रेखाटावी, आणि ती रेखाटण्यास त्याला एक हा अंक गिरविण्यापलीकडे कोणतीही विद्या लागू नये, ही कल्पना कोणा पंतोजीला सुचली असेल त्याला शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती एवढे निश्चित. दुसरीच्या मुलाचे हे खास कौशल्य. पहिलीच्या पोराची ओळ वाकडी जाई, आणि चौथीच्या मुलाला ते बालिश वाटू लागे. शिवाय पूजेत ठेवलेल्या पुस्तकांना विसर्जनापर्यंत हात लावावयाचा नाही, हा नियम मुले ज्या निष्ठेने पाळीत तशी निष्ठा त्यांनी दुसऱ्या कोणत्याही नियमाविषयी क्वचितच दाखविली असेल.

मुलींच्या शाळांत शरदाचा प्रवेश निराळ्या दाराने झाला. १८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, त्या काळात मुलगी घराबाहेर शिकावयास जाते हीच केवढी घटना होती; तेव्हा शाळेने घरचे काही आपल्या अंगणात आणणे हा पालकांचा धीर वाढविण्याचा मार्गही ठरला असावा. हस्त नक्षत्री सूर्य गेला की पाटावर हत्ती रेखाटून त्याभोवती फेर धरावयाचा, एकात एक गुंफत जाणारी गाणी म्हणावयाची, आणि झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची, हा भोंडला, कोठे तो हादगा, आणि विदर्भात त्याच्याच जवळपासची भुलाबाई. घरोघरच्या अंगणातून तो शाळेच्या पटांगणात आला. खिरापत ओळखताना मुली गोड की तिखट, कोरडी की पातळ असे एकेक प्रश्न विचारीत शक्यता गाळीत जातात, याकडे कोणा अभ्यासक्रम-समितीचे लक्ष गेल्याचे दिसत नाही. तसे गेले असते तर त्याचाही तास लागला असता, आणि कदाचित त्यातली मौज गेली असती.

हे लिहिण्याचे कारण असे की, शाळेने ऋतूला हद्दपार केले हे ज्यांना उमगले, त्यांनीच पुढे त्याला वेळापत्रकात घालून परत आणण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नांत सर्वांत मूलगामी होता तो वर्ध्याचा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली, आणि झाकीर हुसेन समितीने जी योजना मांडली तीत शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे एकट्या हस्तोद्योगाला दिली होती. वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीत शरद सरता सरता कापूस फुटू लागतो. मुलांनी तो वेचावा, सरकी काढावी, पेळू करावा, टकळीवर सूत कातावे, तारा मोजताना गणित शिकावे, आणि कापूस कोठे पिकतो हे सांगताना भूगोल शिकावा, असा हा समवाय होता. कल्पना भव्य होती, पण ती सगळीकडे सारखी पेलली गेली नाही. कापसाच्या मुलखाबाहेरच्या शाळांत पेळू बाहेरून आणावे लागत, आणि ऋतूशी असलेला धागा तेथेच तुटे. त्यामानाने ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसह जे केले ते अधिक टिकाऊ म्हटले पाहिजे. त्यांनी पाने, बिया, शिंपले, माती ही पाड्यावरच्या मुलांच्या पायाशी पडलेली सामग्रीच शिक्षणाची साधने मानली, आणि मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे ठरविले. ही मुले बहुतांशी दुसरीपेक्षा लहान होती, हे खरे. पण दुसरीच्या गुरुजींनी शिकण्यासारखे त्यात पुष्कळ होते.

आजच्या शिक्षकाच्या टाचणवहीत आठवड्याचे रकाने असतात, आणि सहामाहीच्या आधीच्या आठवड्यांत त्यांत ऋतू, सण, पिके, पानांचे ठसे, आकाशकंदील असे उपक्रम रीतसर लिहिलेले सापडतात. शरद अशा प्रकारे सरकारमान्य झाला आहे. एक गोष्ट मात्र फार दिवस या रकान्यांच्या बाहेर राहिली. शाळेला दिवाळीची सुटी लागली की मुले दगडमाती जमवून अंगणात किल्ला रचतात, त्यावर हळीव पेरतात, बुरुज, दरवाजे, पाण्याचे टाके करतात, आणि मातीच्या मावळ्यांना पहाऱ्यावर उभे करून शिवाजीमहाराजांना सिंहासनावर बसवितात. शिवचरित्राचे पाठ्यपुस्तक महाराष्ट्रातील मुलाच्या हाती चौथीत पडते. परंतु माची कोणती, बुरुज कोठे आणि दरवाजा आडवळणाला का ठेवावयाचा, हे दुसरीतल्या मुलास दोन वर्षे आधीच, कोणा शिक्षकावाचून आणि सुटीत, ठाऊक झालेले असते. अलीकडे पुष्कळ शाळांनी किल्ल्यांच्या स्पर्धा सुरू केल्या आहेत. परीक्षक येतात, सुबकपणा, माहितीफलक आणि स्वच्छता यांना वेगवेगळे गुण देतात, आणि मुलाचे वडील आदल्या रात्री जागून तटबंदीला रंग देतात.