स्वर्गस्थ महायाजकाचे हृदय

प्युरिटन म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला १६४२ साली लंडनची नाट्यगृहे बंद पाडणारी रुक्ष माणसे आठवतात. ही आठवण खोटी नाही, अपुरी आहे. त्याच दशकात टॉमस गुडविन (१६००–१६८०) या प्युरिटन धर्मोपदेशकाने एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वर्गात गेलेल्या ख्रिस्ताचे पृथ्वीवरील पापी माणसांविषयीचे हृदय, हा त्याचा विषय.

या विषयामागे एक पोकळी होती. पापनिवेदन ऐकून क्षमेचे शब्द उच्चारणारा धर्मगुरू धर्मसुधारणेने बव्हंशी बाजूला सारला होता. माणूस आपल्या सदसद्विवेकबुद्धीसमोर एकटा उरला. आपण देवाच्या निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, याच्या खुणा तो स्वतःच्याच अंतःकरणात शोधू लागला. केंब्रिजमध्ये १६२० साली हृदयपरिवर्तन झाल्यावर खुद्द गुडविननेही अशी कित्येक वर्षे काढली. जितके खणावे तितका गाळच वर यावा, अशी ती अवस्था.

ग्रंथात त्याचा आधार आहे तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा. इस्राएलाच्या महायाजकाच्या ऊरपटावरील रत्नांवर बारा वंशांची नावे कोरलेली असत. लोकांना हृदयाशी धरूनच त्याने देवापुढे जायचे. पत्राच्या चौथ्या अध्यायात ख्रिस्त हा असा महायाजक आहे, आणि आपल्या दुर्बलतेविषयी त्याला सहानुभूती वाटते हे तेथे दुहेरी नकार वापरून ठासून सांगितले आहे. मूळ ग्रीक क्रियापदात ‘सोबत सोसणे’ हा अर्थ आहे. (आपली ‘सहानुभूती’ वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे की हे मुद्दाम सांगावे लागते.) पण जो आता गौरवात आहे, ज्याला वेदना नाही, तो सोबत सोसणार कसा? गुडविन ही शंका टाळत नाही. त्याच्या मते गौरवाने ख्रिस्ताचे दुःख संपले, त्याची मानवी माया संपली नाही. उलट तिची कुवत वाढली. पुनरुत्थानानंतरचा निरोप तो पुराव्यादाखल पुढे ठेवतो. संकटात पळून गेलेल्या शिष्यांना त्या निरोपात ‘भाऊ’ म्हटले आहे.

त्याचा सर्वांत धीट विचार पापाविषयीचा आहे. मुलाला किळसवाणा रोग जडला तर बाप द्वेष करतो तो रोगाचा; मुलाची त्याला अधिकच कणव येते. ज्या कारणाने श्रद्धावान तोंड लपवतो, तेच कारण येथे जवळ जाण्याचे ठरते.

मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्येही हा याजक भेटतो. १६७४च्या आवृत्तीतील अकराव्या सर्गाच्या आरंभी पुत्र आदम-हव्वेच्या प्रार्थना सुवर्णाच्या धूपपात्रातून पित्यापुढे ठेवतो. प्रसंग भव्य आहे, पण तेथे याजकाचे बोलणे पित्याशी चालते; पृथ्वीवरच्या त्या दोघांना ते ऐकू येत नाही. आपली प्रार्थना पोचली असावी, एवढेच आदमला मनोमन जाणवते. गुडविनने आपला ग्रंथ लिहिला तो खाली उभ्या असलेल्या अशा दोघांसाठी.